पिंपापासून पीसीव्हीपर्यंत

गणपतीच्या आसपास एखाद्या सोसायटीत डेंग्यूचे दोन पेशंट निघाले की पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर महापालिकेचा उद्धार होतो, मागच्या नाल्याचे फोटो पडतात, कुणीतरी नगरसेवकाला फोन लावतं. संध्याकाळी धुराचं मशीन खांद्याला अडकवून एक माणूस येतो, पार्किंगमध्ये पांढरा धूर सोडतो, पोरं त्याच्या मागे पळतात आणि काहीतरी उपाय झाल्याचं समाधान सगळ्यांना मिळतं. जिच्यामुळे हे झालं ती डासाची मादी तेव्हा बहुधा दुसऱ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये पडद्यामागे नाहीतर पलंगाखाली बसलेली असते. नाल्याशी तिचा काडीचा संबंध नसतो.

डेंग्यूविषयी आपल्याला कुणी सांगितलं नाही, असं म्हणायची सोय नाही. दवाखान्यांच्या भिंती पोस्टरांनी भरलेल्या आहेत. तरीही आपण भलतीकडेच बघत राहतो. डास गटारात शोधतो, मच्छरदाणी रात्री लावतो, ताप चढला की घाबरतो आणि उतरला की निर्धास्त होतो. दवाखान्यात पोचलोच तर प्लेटलेट मोजत बसतो. प्रत्येक ठिकाणी धोका जरा बाजूला उभा असतो.

आधी डासाचं बघू. गटारात आणि तुंबलेल्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. तो रात्री कानाशी गुणगुणतो आणि हत्तीरोग पसरवतो. डेंग्यू पसरवतो तो मुख्यतः एडिस इजिप्ती: लहान, काळसर, पायांवर पांढरे पट्टे. त्याचा एक भाऊबंद, एडिस अल्बोपिक्टस, झाडाझुडपांच्या भागात हेच काम करतो. इजिप्तीला पाणी लागतं ते साठवलेलं, संथ आणि बऱ्यापैकी स्वच्छ. हा डास मुळात आफ्रिकेतला. तिथल्या जंगलांत याच जातीचे डास आजही झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात वाढतात आणि माणसाच्या फारसे मागे लागत नाहीत. मग यातले काही माणसाच्या घरात का शिरले? प्रिन्स्टन विद्यापीठातल्या कॅरोलिन मॅकब्राइड यांच्या गटानं सहाराच्या दक्षिणेकडच्या अनेक ठिकाणांहून या डासाची अंडी गोळा केली, प्रयोगशाळेत डास वाढवले आणि त्यांच्यापुढे दोन वास ठेवले. एका बाजूला माणसाचा हात, दुसऱ्या बाजूला गिनीपिग. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की माणसाच्या वासाकडे सर्वांत जास्त ओढले गेले ते लांब आणि कडक कोरडा ऋतू असलेल्या प्रदेशांतले डास. दाट वस्तीचाही परिणाम दिसला, पण कमी. कोरड्या ऋतूत ढोलीतलं पाणी आटतं. मग पाणी उरतं ते माणसानं भरून ठेवलेल्या भांड्यांतच.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवलेलं असतं. पिंप, हौद, रांजण, निळे प्लास्टिकचे ड्रम, बादल्या, अगदी कुकरसुद्धा. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. अशा शहरात पाणी साठवणं म्हणजे हौस नव्हे. म्हणून डेंग्यू हा फक्त पावसाचा आणि फक्त शहराचा आजार, ही समजूत अर्धवट आहे. परभणी जिल्ह्यातल्या खेड्यांत आलेल्या डेंग्यूच्या साथीचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९१ सालीच प्रसिद्ध केला आहे. पावसाळ्यात करवंट्या, टायर, गच्चीवरची ताडपत्री आणि बांधकामावरच्या टाक्या यांची भर पडते एवढंच. उन्हाळ्यातली हक्काची जागा घरातच असते. 'साठवू नका' हा सल्ला नळाला चोवीस तास पाणी असलेल्या माणसानं दिलेला सल्ला आहे. रोज दोन तास भरवशानं येणारं पाणी हा डेंग्यूवरचा मोठा उपाय ठरला असता, पण तो आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात बसत नाही.

साठवल्यावाचून गत्यंतर नसेल तर घट्ट झाकण आणि घासणी. घासणी का, हे मात्र कळून घ्यायला हवं. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर आतल्या भिंतीवर ती चिकटवते. एकाच ठिकाणी सगळी घालत नाही, चार भांड्यांत थोडी थोडी वाटून टाकते. अंडी मिरीच्या दाण्याहूनही कितीतरी बारीक, काळी, सहज न दिसणारी. भांडं कोरडं पडलं तरी ती महिनोन्महिने तग धरतात आणि पाणी पुन्हा वर चढलं की फुटतात. नुसतं पाणी ओतून ड्रम उपडा केला तर अळ्या जातात, अंडी जागच्या जागी राहतात. उन्हाळा संपल्यावर अडगळीत टाकलेला कूलर पुढच्या वर्षी पाणी घालताच कामाला लागतो तो असा. म्हणून काथ्यानं नाहीतर ब्रशनं आतल्या बाजू खसाखसा घासायच्या. आपल्याकडच्या हवेत अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास साधारण आठ-दहा दिवसांत पुरा होतो. आठवड्याच्या 'कोरड्या दिवसा'मागचा हिशोब एवढाच.

कंटेनर सर्वेक्षणाला येणाऱ्या आशाताई किंवा हिवताप विभागाचे कर्मचारी टॉर्च घेऊन पिंपात डोकावतात तेव्हा त्यांना दारातच एक वाक्य ऐकावं लागतं: 'आमच्याकडे सगळं स्वच्छ असतं हो.' ते खरंही असतं. फरशी लख्ख असते. आणि अळ्या सापडतात त्या फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, मनी प्लांटच्या बाटलीत, कुंडीखालच्या बशीत, पाहुण्यांसाठी राखलेल्या बंद बाथरूममधल्या बादलीत. वापरायच्या पाण्यात ते टेमीफॉस हे अळीनाशक टाकतात, लोक त्याला अबेट म्हणतात. मोठ्या हौदात, विहिरीत गप्पी मासे सोडतात. मासे अळ्या खातात. मात्र ते दर आठवड्याला घासल्या जाणाऱ्या बादलीसाठी नाहीत.

धुराबद्दल सांगायचं तर तो खोटा नाही, पण त्याचं वजन भलतंच वाढवलेलं आहे. धुरातल्या औषधाचे सूक्ष्म थेंब उडणाऱ्या डासाला लागले तर तो मरतो. अंडी, अळ्या, कोष यांना त्याचं काही सोयरसुतक नसतं, आणि एडिस तर घरात, कपड्यांच्या मागे, अंधाऱ्या कोपऱ्यात विसावतो. साथ भडकली असताना रुग्णाच्या घरात आणि आसपासच्या घरांत आतून फवारणी केली तर विषाणू घेऊन फिरणाऱ्या माद्या कमी होतात. पार्किंगमधला धूर दिसतो छान.

दुसरी गल्लत वेळेची. एडिस दिवसा चावतो. सकाळी उजाडल्यानंतरचे दोन-तीन तास आणि मावळतीच्या आधीचे काही तास या त्याच्या मुख्य वेळा. म्हणजे मुलं शाळेच्या बसची वाट बघत असतात तेव्हा, आणि संध्याकाळी खेळत असतात तेव्हा. टेबलाखाली पाय चावले जातात ते याच्याकडून. बहुतेक डास जन्मभर शे-दोनशे मीटरच्या टापूत राहतात आणि हलकीशी हालचाल झाली तरी एकाला सोडून दुसऱ्याला चावतात. एकाच घरात तीन आजारी पडतात ते बऱ्याचदा एकाच मादीमुळे. डास लांब जात नाही, विषाणू जातो, आणि तो एसटीनं जातो: पुण्यात ताप अंगात घेऊन गावी निघालेल्या माणसाच्या रक्तातून.

रुग्णाला चावलेली मादी लगेच विषाणू पसरवू शकत नाही. तिच्या पोटातून विषाणू लाळेपर्यंत पोचायला आठ ते बारा दिवस लागतात. त्यानंतर मात्र ती मरेपर्यंत प्रत्येक चाव्यात तो देऊ शकते. इथे एक गोष्ट आपण जवळजवळ कधीच करत नाही. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. त्या दिवसांत त्याला भर दुपारीसुद्धा मच्छरदाणीत झोपवलं, तर पुढच्या दोन आठवड्यांत घरातलं दुसरं माणूस आजारी पडण्याची शक्यता कमी होते. आजोबांना दिवसा मच्छरदाणी लावलेली बघून शेजारी हसतील. हसू द्यावं.

आता ताप. डास चावल्यानंतर चार ते दहा दिवसांनी तो एकदम चढतो, १०३-१०४ पर्यंत. डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर आणि सांधे ठेचल्यासारखे, मळमळ, कधी अंगावर लाल पुरळ. जुनी माणसं याला हाडमोड्या ताप म्हणत. विषाणू शरीरात गेलेल्या बहुतेकांना मात्र यातलं काहीच होत नाही किंवा साधी कणकण येऊन जाते. सरकारी आकड्यांनुसार २०२३ साली भारतात सुमारे २ लाख ८९ हजार रुग्णांची नोंद झाली आणि ४८५ मृत्यू झाले. नोंदले न गेलेले रुग्ण याच्या कितीतरी पट असतात, त्यामुळे मृत्यूचं खरं प्रमाण आणखी कमी. या थोड्या मृत्यूंतले बरेचसे टळण्यासारखे असतात आणि ते टळत नाहीत याचं एक मोठं कारण म्हणजे ताप उतरण्याचा दिवस.

तिसऱ्या ते सहाव्या-सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो. घरचे सुटकेचा श्वास टाकतात, मुलाला 'आता बरा झालास' म्हणतात, सुट्टी संपवून कामावर जातात. बहुतेक रुग्ण खरंच बरे होतात. ज्या थोड्यांना गंभीर डेंग्यू व्हायचा असतो त्यांच्या बाबतीत नेमका इथून पुढचा दीड-दोन दिवसांचा काळ कसोटीचा. या काळात केशवाहिन्यांच्या भिंती माठासारख्या पाझरू लागतात. रक्तातल्या लाल पेशी आतच राहतात, पण पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपून पोटात, छातीत साठतात. विषाणूच सोडत असलेलं एनएस-१ नावाचं प्रथिन या भिंतींच्या आतल्या अस्तराला इजा करतं, असं गेल्या दशकातल्या संशोधनातून दिसलं आहे. एक थेंब रक्त बाहेर न सांडताही माणूस शॉकमध्ये जाऊ शकतो तो यामुळे. फसवी गोष्ट अशी की तो शेवटपर्यंत बोलत असतो. वरचा रक्तदाब बराच वेळ ठीक दिसतो, फक्त वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर कमी होत जातं. ते २० वर किंवा त्याखाली आलं की डॉक्टरांच्या दृष्टीनं शॉक सुरू झालेला असतो.

घरी रक्तदाब मोजता आला नाही तरी काही खुणा दिसतात: पोटात जोराचं, सतत दुखणं, थांबता न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून, नाकातून रक्त, काळी शौच, गळून जाणं किंवा उलट उगाच बेचैन होणं, हातपाय गार पडणं, लघवी पाच-सहा तास न होणं. यातलं एक जरी दिसलं तरी ताप नाही म्हणून थांबायचं नाही, लगेच रुग्णालय गाठायचं. लहान बाळं, गरोदर बायका, मधुमेही आणि वयस्कर माणसं यांच्या बाबतीत तर खुणांची वाटही बघू नये. बाकीच्यांनी घरी पॅरासिटामॉल, विश्रांती आणि पातळ पदार्थ: ओआरएस, पेज, ताक, सरबत, शहाळं. घोटघोट, पण दिवसभर. ॲस्पिरिन, ब्रूफेन, डायक्लोफेनॅक अशी दुखणं मारणारी औषधं टाळायची, कारण ती रक्तस्राव वाढवतात. 'डॉक्टर, एक सुई मारा, अंग फार दुखतंय' हा आग्रह या आजारात महागात पडू शकतो. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असणाऱ्यांनी मात्र ती आपल्या मनानं बंद न करता डॉक्टरांना विचारावं.

निदानासाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि त्यानंतर आयजीएम, म्हणजे शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं. एलायझा पद्धतीची तपासणी विश्वासाची. पंधरा मिनिटांत रेघ दाखवणारं कार्ड चुकू शकतं, दोन्ही बाजूंनी. देशभरातल्या सरकारी केंद्रांना लागणारे आयजीएम एलायझाचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतून जातात.

आणि मग प्लेटलेट. डेंग्यूच्या वॉर्डाबाहेर नातेवाईक एकमेकांना आकडे सांगत उभे असतात: सकाळी सत्तर, आता चाळीस. चाळीस हजार म्हणजे जणू परीक्षेतले कमी पडलेले मार्क. मग रक्तपेढीकडे धावाधाव, दात्यांसाठी स्टेटस. ही धास्ती उगाच आलेली नाही. दिल्लीत १९९६ साली दहा हजारांवर रुग्ण झाले, चारशेहून जास्त माणसं गेली, आणि 'प्लेटलेट' हा शब्द तेव्हापासून घराघरांत बसला. पण प्लेटलेट कमी होणं या आजारात जवळजवळ ठरलेलं असतं आणि पुन्हा वाढणंही ठरलेलं. जीव जातो तो प्रामुख्यानं पाझरण्यामुळे. ते दाखवणारा आकडा त्याच कागदावर जरा वर छापलेला असतो: पीसीव्ही, म्हणजे हिमॅटोक्रिट. पाणी बाहेर गेलं की रक्त दाट होतं आणि हा आकडा चढतो. प्लेटलेट झपाट्यानं उतरताहेत आणि पीसीव्ही चढतोय ही जोडी डॉक्टरांना जागं करते. नातेवाईकांनी विचारायचाच झाला तर हा आकडा विचारावा.

सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णालयांत झालेली एक चाचणी २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. प्लेटलेट वीस हजार किंवा त्याखाली गेलेल्या, पण रक्तस्राव नसलेल्या प्रौढ रुग्णांपैकी काहींना प्लेटलेट चढवल्या, काहींना नाही. चढवल्यानं रक्तस्राव कमी झाला नाही, उलट अंगावर पित्त उठण्यासारख्या तक्रारी वाढल्या. खरोखर रक्त वाहत असेल तर गोष्ट वेगळी. पपईच्या पानांचा रस, बकरीचं दूध, किवी यांचंही असंच. सहाव्या दिवशी रस सुरू केला आणि आठव्या दिवशी प्लेटलेट वाढल्या, तर त्या रस न पिताही वाढल्या असत्या. उलट्या होत असलेल्या मुलाला तो कडूजहर रस पाजून आणखी उलट्या काढण्यात काय मिळतं, हे मला कधी कळलेलं नाही.

सलाईनचंही तारतम्य हवं. पाझरण्याच्या काळात ते जीव वाचवतं. पण दोन दिवसांनी बाहेर गेलेलं पाणी आपोआप रक्तात परत येऊ लागतं, आणि तेव्हाही बाटल्या चालूच राहिल्या तर फुप्फुसात पाणी होतं. 'अजून एक बाटली लावा ना डॉक्टर' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

एकदा डेंग्यू होऊन गेला म्हणजे सुटलो, ही आणखी एक गैरसमजूत, आणि इथे हा विषाणू खरा वस्ताद निघतो. त्याचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा संसर्ग त्या प्रकारापासून जन्मभराचं संरक्षण देतो, इतरांपासून काही महिन्यांपुरतं. नंतर दुसरा प्रकार आला की जुनी प्रतिपिंडं त्याला चिकटतात, पण निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट चिकटलेल्या अवस्थेत विषाणूला पेशींमध्ये शिरणं सोपं जातं. थायलंडमधल्या मुलांच्या अभ्यासावरून स्कॉट हॉलस्टेड यांनी हा विचार मांडला तेव्हा तो अनेकांना पटला नव्हता. क्यूबानं पुरावा दिला. त्या बेटावर १९७७ साली डेंग्यू-१ ची मोठी, पण सौम्य साथ आली. चार वर्षांनी, १९८१ मध्ये डेंग्यू-२ आला: ३ लाख ४४ हजारांवर रुग्ण, १५८ मृत्यू. नंतर क्यूबानं डासांचा इतका कसून बंदोबस्त केला की बरीच वर्षं डेंग्यू जवळपास नाहीसा झाला. १९९७ मध्ये सान्तियागो शहरात डेंग्यू-२ पुन्हा शिरला, आणि गंभीर आजारी पडले ते जवळजवळ सगळे प्रौढ, म्हणजे वीस वर्षांपूर्वी पहिली साथ पाहिलेले. मधल्या काळात जन्मलेल्या मुलांनाही लागण झाली, पण त्यांचा आजार सौम्य राहिला. मारिया ग्वादालुपे गुस्मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपशिलानं नोंदवलं. वीस वर्षांनंतरही जुनी प्रतिपिंडं धोका वाढवू शकत होती.

डेंग्यूची लस इतकी वर्षं का रखडली याचं उत्तर यात आहे. चारही प्रकारांविरुद्ध एकसारखं संरक्षण न देणारी लस ही ज्याला कधीच डेंग्यू झालेला नाही त्याच्यासाठी पहिल्या संसर्गासारखी ठरू शकते. फिलिपिन्सनं २०१६ साली डेंगव्हॅक्सिया ही लस शाळकरी मुलांना द्यायला सुरुवात केली. आठ लाखांहून जास्त मुलांना ती मिळाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनंच जाहीर केलं, की आधी डेंग्यू न झालेल्या मुलांत लसीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो. कार्यक्रम थांबला आणि त्या देशात लोकांचा गोवरासारख्या लसींवरचाही विश्वास डळमळला.

त्यानंतरच्या लसी सावधपणे पुढे येत आहेत. जपानी कंपनीची क्यूडेंगा जागतिक आरोग्य संघटनेनं लागण जास्त असलेल्या भागांतल्या ६ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी सुचवली आहे. इंडोनेशियातल्या योग्यकर्तात वेगळीच वाट धरली गेली. वोल्बाकिया नावाचा जिवाणू अंगात असलेले एडिस शहरात सोडले, कारण असा डास डेंग्यूचा विषाणू नीट वाढवू शकत नाही. त्या भागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी आढळला. पुद्दुचेरीच्या आयसीएमआर संस्थेनंही असे डास तयार केले आहेत. आणि भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये पॅनेसिया बायोटेकच्या डेंगीऑल या एका मात्रेच्या लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी सुरू झाली. दहा हजारांहून जास्त प्रौढ स्वयंसेवक आणि प्रत्येकावर दोन वर्षं लक्ष. कोविडच्या वेळची घाई बघितलेल्यांना हा वेळकाढूपणा वाटतो. लस टोचल्यावर पहिले काही महिने प्रतिपिंडं भरपूर असतात आणि सगळं छानच दिसतं; प्रश्न ती ओसरू लागल्यावर येणाऱ्या मोसमाचा आहे. सान्तियागोचं वीस वर्षांचं अंतर ठाऊक असलेल्या माणसाला दोन वर्षं थोडीच वाटतील.